पास होता, पण मोबाइल बंद : माझा अनुभव

भाचा रेल्वेने आणंदला कॉलेजला जातो. महिन्याचा पास मोबाइलमध्येच. त्या दिवशी वडोदरा यायच्या आधीच बॅटरी संपली आणि नेमका तपासनीस उभा. कागद न घेता काढलेलं तिकीट किंवा पास मोबाइलवर दाखवता आला नाही, तर प्रवासी विनातिकीटच धरतात. पोरगं हुज्जत घालत बसलं, मग ‘मॅजिस्ट्रेटसमोर उभा करतो’ ऐकून गळाठलं. कोणाच्या तरी फोनवरून मला म्हणालं, “मावशी, लवकर ये.”

दांडिया बाजारातून रिक्षा केली. गेल्या गेल्या आधी त्याला गप्प बसवलं. मग विचारलं, “साहेब, कोणतं कलम लावताय?” सगळी गोम तिथेच. रेल्वे कायदा 1989 चं कलम 137 म्हणजे फसवण्याच्या हेतूने प्रवास : सहा महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम 138 मध्ये भाडं आणि जादा आकार भरायचा. तो भाड्याइतका किंवा 250 रुपये, जास्त असेल तो. भरायला नकार दिला, की मग मॅजिस्ट्रेट.

इथे 138 लागलं. आणंदचं भाडं किरकोळ, म्हणजे 250 अधिक भाडं. “पास आहे तर का भरायचे?” भाचा पुटपुटला. मी पैसे मोजले. बाजूचा एकजण ‘पावतीशिवाय स्वस्तात मिटवतो’ म्हणत होता, त्याला हात जोडले. पावतीवर नाव, कुठून कुठे, रक्कम आणि 138 हे सगळं तिथेच वाचून घेतलं. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

आता पास खिडकीवरचा, कागदी. ओळखपत्रासकट पाकिटात.