फिश टँकचं पाणी बदलायला कूलरची मोटर

टँकचं पाणी बदलायचं म्हटलं की बादल्या उचलून कंबर जाते आणि मग लोक पाणी बदलणंच पुढे ढकलतात, त्रास माशांना होतो. त्यापेक्षा कूलरमधे असते ती छोटी पाण्यात बुडणारी मोटर, १८ वॅटची पुरते, आणि तिच्या तोंडाला घट्ट बसेल असा ट्रान्सपरंट पाईप आणा.

१. टँकचा हीटर, फिल्टर आधी बंद.
२. मोटरला जाळी किंवा स्पंज रबरबँडने बांधा, नाहीतर गप्पीची पिल्लं आत ओढली जातात. मोटर टँकमधे, पाईप मोरीत किंवा सरळ कुंड्यांमधे, झाडांना हे पाणी फार मानवतं. पाव टँक रिकामा झाला की बस, सगळं पाणी कधीच काढू नका.
३. नवीन पाणी बादलीत क्लोरीन घालवणारं औषध टाकून तयार ठेवा, आता मोटर धुवून त्या बादलीत आणि पाईप टँकमधे. पाण्याची धार काचेवर सोडा म्हणजे तळाची वाळू उडत नाही.

पाईपचं टोक पाण्यात बुडवू नका, वरच क्लिपने अडकवा, कारण मोटर बंद केली की टँकमधलं पाणी त्याच पाईपातून उलटं बादलीत यायला लागतं आणि लक्ष नसेल तर घरभर पाणी.

आणि पाण्यात हात घालायच्या आधी मोटरचा प्लग काढायचाच, नुसतं बटण बंद करून चालणार नाही.