पोस्टरवर गुबगुबीत देवनागरी शीर्षक कसं करावं

बालनाट्य, उन्हाळी शिबिर, मुलांची चित्रकला स्पर्धा: अशा पोस्टरला गोलसर, जाड अक्षर हवं असेल तर ‘बालू २’ घ्या. मुंबईच्याच ‘एक टाइप’नं केलेला हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो आणि व्यावसायिक कामालाही चालतो. त्याच्या जाड्या (फॉन्टच्या यादीतले ‘वेट’चे आकडे) ४०० ते ८००. शीर्षकाला ८००, तारीख-वेळेला ५०० पुरे. घाटकोपर-मुलुंडसाठी गुजराती ओळही हवी असेल, तर त्याच घराण्यातला ‘बालू भाई २’ शेजारी ठेवा.

फॉन्ट बसवला की आधी चाचणीची ओळ टाइप करा: ‘श्रीखंड, चिठ्ठी, कुऱ्हाड, दऱ्या’. ‘चि’ची वेलांटी उजवीकडे गेली किंवा जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसली, तर दोष फॉन्टचा नाही, सॉफ्टवेअरच्या मांडणीचा आहे. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा त्रास सहसा नसतो. अडोबीच्या इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू करा आणि पॅराग्राफ पॅनलमधून ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा. ‘दऱ्या’साठी नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, मग हलन्त, मग य. साधा र घेतलात तर डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो! जुन्या, युनिकोड (संगणकावरच्या अक्षरांचं सर्वमान्य मानक) नसलेल्या फॉन्टातला मजकूर मात्र थेट चिकटवू नका. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. वाढवलं की शिरोरेषा तुटते. दोन ओळींतलं अंतर १२० टक्क्यांपासून सुरू करा. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडल्या तर थोडं वाढवा.

सगळ्यात जास्त घोटाळा बाह्यरेषेत होतो. शेजारची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर चढलेली असतात, त्यामुळे रेषा दिली की सांध्यांवर आडवेतिडवे काप दिसतात. इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ (अक्षरांचं नुसत्या आकारांत रूपांतर), मग ‘अनग्रुप’, मग ‘युनियन’ करा आणि त्यानंतरच रेषा द्या. रेषेचा जोड ‘राउंड’ निवडा. टोकदार जोडानं अक्षराचा गोलावाच मरतो. क्रमात रेषा मागे, भराव पुढे. २०० पॉइंटच्या अक्षराला ८ ते १० पॉइंटची रेषा पुरते. त्याहून जाड झाली की पोटातली जागा बुजते आणि ‘ब’चा ‘व’, ‘थ’चा ‘य’ वाचला जातो. कृत्रिम ‘बोल्ड’नंही हेच होतं; ते बटण दाबूच नका.

वाचनासाठी ढोबळ हिशेब: १० फुटांवरून नीट दिसायला अक्षराची उंची किमान १ इंच. शीर्षक खऱ्या आकारात छापा, भिंतीला लावा, लांबून वाचा.

छपाईला पाथ केलेली पीडीएफ द्या, पण पाथ करण्याआधीची फाइल वेगळ्या नावानं जपून ठेवा. प्रयोगाची तारीख बदलली, तर पाथ झालेल्या अक्षरांत ती दुरुस्त करता येत नाही.