आधी लेन्स, मग बॉडी

कॅमेरा बदलावासा वाटतोय? मग बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, राहू द्या, आधी लेन्स घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी नेहमीची 18-55 किट लेन्स 55 एमएमवर एफ/5.6 पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). एफ/1.8 ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे संध्याकाळी घरात जिथे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; वाढवला की फोटोत दाणे येतात) 6400 लागायचा, तिथे 800 वर भागतं. एपीएस-सी सेन्सर (फुल फ्रेम, म्हणजे जुन्या 35 एमएम फिल्मच्या आकाराच्या सेन्सरपेक्षा लहान) असेल तर 35 एमएम घ्या, 1.5 क्रॉपमुळे, म्हणजे चित्राच्या कडा कापल्या गेल्यामुळे, ती फुल फ्रेमवरच्या साधारण 52 एमएमसारखी दिसते आणि छोट्या खोलीतही माणूस नीट फ्रेममध्ये बसतो. माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तो जोड, तेवढा तपासून घ्या.

फोटो रॉमध्येच काढा, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी साठवणाऱ्या फाइलमध्ये. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिट रॉमध्ये 16,384. सावलीतला चेहरा उजळून बघा: जेपेगमध्ये गालावर पट्टे उमटतात, रॉमध्ये त्वचेचा पोत टिकून राहतो. मला तर एवढ्यासाठीच रॉ प्रिय आहे.

एडिटिंगला डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि हौशी माणसाला पुरून उरतं. आधी व्हाइट बॅलन्स (रंगछटा), मग एक्स्पोजर (उजेड). हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला चिकटला असेल तर हायलाइट्स, म्हणजे सर्वात उजळ भाग, खाली ओढा; पण पांढरा शर्ट पूर्ण जळाला असेल तर त्यातलं काही परत येत नाही, म्हणून काढतानाच थोडं अंडर, म्हणजे जरा गडद, ठेवावं. सॅच्युरेशन जपून, त्वचा लगेच केशरी होते. शार्पनिंग अगदी शेवटी, 100 टक्के झूमवर बघूनच.

आणि रॉ फाइल्सची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाच.