महिन्यातून एकदा, त्याच ट्रॅकवर

हौशी धावपटूला शर्यतीचा निकाल वर्षातून एक-दोनदाच मिळतो. मधल्या काळात आपण सुधारतोय की नुसतेच दमतोय, हे कळायला मी एक चाचणी धरून ठेवली आहे.

लागतं काय, तर ४०० मीटरचा ट्रॅक, छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा आणि तासभर वेळ. मनगटावरचं घड्याळ ठोके प्रकाशाच्या सेन्सरने मोजतं; ते सैल असलं तर कधीकधी पावलांचा ठेकाच ठोके म्हणून दाखवतं. चाचणीपुरता तरी पट्टा वापरा.

आधी पंधरा मिनिटं रमतगमत पळा. मग ठोक्यांची एक मर्यादा ठरवून, ती न ओलांडता ५ किलोमीटर. मर्यादेसाठी प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांचं सूत्र सोपं आहे: १८० वजा वय. माझं वय ४६, म्हणून १३४. सूत्र सगळ्यांना नेमकं बसत नाही, एकाच वयाच्या दोघांच्या कमाल ठोक्यांतही बराच फरक असू शकतो. म्हणून पळताना पूर्ण वाक्य बोलून पाहा. धाप लागून ते तुटत असेल, तर आकडा खाली आणा. एकदा ठरला की मात्र तोच ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

प्रत्येक किलोमीटरची वेळ वेगळी लिहा. त्याच ठोक्यांवर महिन्यागणिक ही वेळ कमी होत गेली, तर आपण सुधारतोय. माझी एक नोंद अशी आहे: ७:२५, ७:३१, ७:३६, ७:४४, ७:४८. ठोके तेच ठेवले की वेग असा घसरणारच. घाम जातो, रक्तातला द्रव कमी होतो, दर ठोक्याला हृदय थोडं कमी रक्त ढकलतं. उलट पहिलाच किलोमीटर सगळ्यांत संथ आला, तर वॉर्मअप अपुरा झाला असं समजा.

दिवसाची वेळ, बूट, आधी कॉफी घेतली की नाही, हे दर वेळी सारखं हवं. उकाड्यात ठोके चढतात, त्यामुळे उन्हाळ्याचा आकडा मी गेल्या उन्हाळ्याशीच ताडून पाहतो. एका महिन्याची घसरण मी मनावर घेत नाही. सलग दोनदा घसरलं, तर झोप आणि आजारपण तपासतो, आणि पंधरवडाभर इंटरव्हल (थांबून-थांबून जोरात पळण्याचा सराव) बंद.

बहुतेकांचं गाडं इथेच अडतं: सोप्या दिवशी जास्त जोरात, आणि त्यामुळे कठीण दिवशी पायांत जीव नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड ८०० मीटरच्या पीटर स्नेलला रविवारी २२ मैल, म्हणजे साधारण ३५ किलोमीटर पळवत. स्नेलने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं. जेमतेम पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीला एवढा पाया लागत असेल, तर आपण चार-पाच तास पळणाऱ्यांनी सोप्या किलोमीटरांची लाज का बाळगावी?

दुसरं मोजमाप लाँग रनमध्येच उरकतं. दीड तास एकाच वेगाने सपाट रस्त्यावर पळा आणि दोन्ही अर्ध्यांचे सरासरी ठोके पाहा. पहिल्या अर्ध्यात १३६ आणि दुसऱ्यात १४२, म्हणजे वाढ ४.४ टक्के. पाच टक्क्यांच्या आत असेल, तर त्या अंतरापुरता पाया ठीक आहे. जास्त असेल, तर अंतर वाढवायची घाई नको.

घड्याळ दाखवतं तो व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा) मी पाहतो, लिहीत नाही. तो वेग आणि ठोक्यांवरून काढलेला अंदाज असतो. ठोके चुकले की तोही चुकतो. सकाळी अंथरुणातले ठोके मात्र जरूर लिहा. नेहमीपेक्षा सात-आठने जास्त दिसले, तर त्या दिवशी चाचणी पुढे ढकला.

आणि शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे चाचणीला हात लावू नका. तेव्हा किलोमीटर कमी केलेले असतात, पाय ताजे असतात, आणि आलेला छान आकडा शर्यतीच्या पहिल्या पाच किलोमीटरांत हमखास महागात पडतो.