हॅलोविनचा खाऊ घरातच करा: थालीपीठाची भुतं, नाचणीची बोटं आणि रताळ्याच्या ममी

बेळगावात पण आता हॅलोविन आलंय, तुम्ही माना नाहीतर मानू नका. टिळकवाडी, हिंदवाडी साइडच्या अपार्टमेंटमध्ये ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी पोरं काळी ओढणी गुंडाळून, तोंडाला पावडर फासून "ट्रिक ऑर ट्रीट" करत बेल वाजवत सुटतात, केजीच्या शाळांतनं पण डब्याला "स्पूकी स्नॅक" द्या म्हणून मेसेज येतोय, आणि आपण काय देतो तर मूठभर चॉकलेटं नाहीतर पाकिटातले चिप्स. घरातली मोठी माणसं म्हणणारच की भुतं घरात बोलवायची कशाला, सर्वपित्रीला पान वाढलं तेवढं बास नाही काय. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, भोपळा किसायला द्या हातात. मूळचा हा सण आयर्लंड, स्कॉटलंडकडचा, तिथं म्हणे सलगम कोरून आत दिवा लावायचे, तीच माणसं अमेरिकेत गेली आणि तिथं भोपळा मोठा, कोरायला सोपा, म्हणून भोपळा आला. म्हणजे जे गावात पिकतंय त्याचंच भूत करायचं, आणि आपल्याकडं काय कमी पिकतंय काय.

पहिल्यांदा रंगाचं बोलू कारण सगळी गडबड तिथंच होते. इंटरनेटवर बघितलं की केशरी क्रीम, काळं आयसिंग, हिरवी जेली, आणि ते करायला रंगाच्या बाटल्या. कर्नाटक सरकारनं मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरीत कृत्रिम रंग घालायला आणि कॉटन कँडीत रोडामाइन बी हा कपडे रंगवायचा रंग वापरायला बंदी घातली, जूनमध्ये कबाबचा पण नंबर लागला. मग गाड्यावर नको म्हटलेला रंग आपणच घरात कशाला आणायचा? केशरीला भोपळा आणि गाजर, लालला बीट नाहीतर आमसूल, हिरव्याला पालक, पिवळ्याला हळद, चॉकलेटीला नाचणी, काळ्याला काळे तीळ, काळ्या मनुका. भीती रंगानं वाटत नाही ओ, डोळ्यांनी वाटते. कशालाही दोन डोळे लावा, पोरं किंचाळतातच. आणि ते काळ्या कोळशाचं आइस्क्रीम, धूर निघणारी बिस्किटं असलं काहीतरी पोरांना अजिबात देऊ नका, धूर काढायला वापरलेलं ड्राय आइस नाहीतर लिक्विड नायट्रोजन तोंडात गेलं की आतनं भाजतंय.

आता थालीपीठ. मला विचाराल तर हॅलोविनसाठी आपल्या घरात जन्मल्यासारखा पदार्थ हाच, कारण त्याला आधीच भोकं असतात! दोन वाट्या तांबडा भोपळा किसायचा, त्यात मीठ, ओवा, तीळ, थोडं आलं-लसूण, कोथिंबीर घालून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. ही दहा मिनिटं चुकवू नका, मिठानं भोपळ्याला पाणी सुटतंय आणि पीठ तेवढ्या पाण्यातच भिजतंय, वरनं पाणी घातलं तर थालीपीठ चिकट होऊन तव्याला बसणार. मग भाजणी असली तर भाजणी, नसली तर एक वाटी जोंधळ्याचं पीठ, अर्धी वाटी बेसन आणि दोन चमचे तांदळाचं पीठ. भोपळा जास्त पाणचट निघाला तर आणि मूठभर पीठ ढकला. ओल्या फडक्यावर तळहाताएवढं थापा, गोल नको, खालची कड बोटानं ओढून ओढून नागमोडी करा की झालं भूत. डोळ्याला बोटानं दोन भोकं, तोंडाला चमच्याच्या दांड्यानं एक लांबट, आणि भोकं वाटतात त्यापेक्षा मोठी पाडा कारण तव्यावर ती आवळून येतात, बारकी पाडली तर शेवटी डोळे मिटलेलं भूत पानात येतंय. फडक्यावरनं तव्यावर उलटा, डोळ्यात आणि तोंडात तेलाचा एकेक थेंब, झाकण, मंद गॅसवर तीन-चार मिनिटं, मग उलटून परत तेवढंच. डोळ्याची कड कुरकुरीत होते आणि पोरं तीच पहिली तोडून खातात. सोबत दही नाहीतर लोण्याचा गोळा.

भोपळा अख्खा आणायचा असला तर आधी सांगून ठेवा, गणपत गल्लीत नाहीतर कांदा मार्केटला फोड पटकन मिळते पण दीड-दोन किलोचा अख्खा बारका भोपळा रोज असतोच असं नाही. आपला भोपळा परदेशी फोटोतल्यासारखा पोकळ नसतो, गर जाड असतो, त्यामुळं कोरायला जोर लागतोय आणि ते काम मोठ्यांनीच करायचं. वरचं झाकण सरळ कापू नका, सुरी तिरकी धरा, म्हणजे झाकण आत पडत नाही. आतला गर चमच्यानं खरवडून आधी थालीपीठाला बाजूला काढा, चेहरा नंतर कोरा, आणि आत मेणबत्तीच्या जागी बॅटरीवरची पणती ठेवा, ओढण्या-फ्रॉकवाली पोरं जवळ नाचत असतात. दिवा लावून ठेवलेल्या भोपळ्याची दुसऱ्या दिवशी भाजी करायला जाऊ नका, आपल्या हवेत दोन-तीन दिवसांत तो आतनं बुरसतोय. बिया तेवढ्या टाकू नका. धुवून, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळून, फडक्यावर चांगल्या सुकवून कढईत मंद आचेवर हलवत बसायचं, तडतडायला लागल्या की चमचाभर तेल आणि चिमूटभर ब्याडगी मिरचीची पूड, तिखट कमी आणि रंग झकास.

नाचणीची बोटं, म्हणजे चेटकिणीची बोटं हो, ही पोरांसोबत करायची गोष्ट. पाऊण वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, पाव वाटी किसलेला गूळ, पाव वाटीला थोडं जास्त लोणी, चिमूट मीठ, वेलची. आधी लोणी आणि गूळ हातानं मळून एकजीव करा, गुठळी राहिली तर भाजताना गूळ वितळून बोटाला फोड येतोय (आला तर येऊ दे, चेटकीणच आहे). मग पिठं, आणि दूध चमचा-चमचा घालत घट्ट गोळा. पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये. वळताना आपल्या करंगळीपेक्षा बारीक वळा कारण ती भाजताना फुगतात. मधे दोन ठिकाणी चिमटीनं हलकं दाबा, तिथं सुरीच्या पाठीनं तीन-तीन आडव्या रेघा, म्हणजे पेरं दिसतात. टोकाला अर्धा बदाम नखासारखा खोल दाबून बसवा, नुसता वर ठेवला तर भाजल्यावर नख गळतंय. ओव्हन १७० डिग्रीला तापवून पंधरा ते अठरा मिनिटं. ओव्हन नसला तर जाड कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकून दहा मिनिटं तापवा आणि ताटली ठेवून मंद गॅसवर वीस-पंचवीस मिनिटं. नाचणी मूळचीच काळपट असल्यामुळं रंगावरनं भाजलंय का कळत नाही, वासावर जायचं, आणि काढताना मऊच लागतात, गार झाली की कडक होतात. रक्त पाहिजेच असतंय पोरांना, तर बिटाचा रस आणि थोडा गूळ आटवून नखाच्या बुडाला एक ठिपका. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतंय, दुधाला नाक मुरडणाऱ्या पोरांच्या आयांनी हे लक्षात ठेवा. पण गूळ घातला म्हणजे साखर नाही असं मनाचं समाधान करून घेऊ नका, शरीराला गूळ काय, साखर काय, सारखंच. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१६ मध्ये दोन ते अठरा वर्षांच्या पोरांना वरनं घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणून सांगितलंय, म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे. त्या दिवशी चॉकलेटं कुठं ना कुठं मिळणारच, म्हणून आपल्या ताटात तिखटमिठाचं जास्त आणि या बोटांशिवाय गोड एकच ठेवा.

रताळी नवरात्रापासून बाजारात ढीगभर असतात, बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग नि तिकडं चंदगडची तांबडी माती रताळ्यासाठीच केलेली. आपलं रताळं वरनं लाल आणि आतनं पांढरं, म्हणून केशरी भूत त्याचं होत नाही, पण पट्ट्या गुंडाळलेली ममी भारी होते. बोटाएवढ्या जाड लांब फोडी करा, पाच-सहा मिनिटं वाफवा, सुरी जाईल पण फोड मोडणार नाही इतपत. फडक्यानं कोरड्या करा, मीठ आणि जिरेपूड चोळा. कणकेत चमचाभर तेल घालून घट्ट भिजवा, पातळ लाटा, करंजीच्या कातण्यानं अर्ध्या सेंटीमीटरच्या पट्ट्या काढा. आता पट्टी तिरकी तिरकी गुंडाळत जायचं, एकावर एक जास्त चढवायची नाही नाहीतर आतली कणीक कच्ची राहते, आणि वरच्या टोकाजवळ डोळ्यांपुरती फट सोडायची. सगळं एकदम व्यवस्थित गुंडाळू नका, सुटलेली पट्टी लोंबू दे, तीच तर मजा आहे. तव्यावर थोड्या तेलात चारी बाजूंनी, नाहीतर एअर फ्रायरला १८० वर दहा-बारा मिनिटं. डोळे सगळ्यात शेवटी, घट्ट दह्याचे दोन ठिपके आणि त्यात एकेक काळा तीळ. आमच्याकडं पोरं "काय करूलीस आई, मला दे की" म्हणून ओट्याला लोंबकळतात, त्यांना गुंडाळायला बसवा, तेवढा वेळ स्वयंपाकघरात शांतता.

बाकीचं पटपट सांगते. बाजरीची तीळ लावलेली कडक भाकरी पाकिटात मिळते ना, ती राखाडी रंगाची, तिचे तुकडे उभे करून ठेवले की थडगी, आणि खाली वाटीत उकडलेलं बीट आणि काबुली चणे वाटून केलेलं लाल डिप, त्यावर घोटलेल्या दह्याची गोल गोल वेटोळी सोडून टूथपिकनं मधनं बाहेर ओढलं की कोळ्याचं जाळं. बारक्या इडल्या वाफवायला ठेवा, दोन-तीन मिनिटांनी वरचा थर जरा धरला की गाजराची चकती आणि तिच्यावर काळी मनुका दाबा, डोळा तयार, आधीच ठेवली तर पिठात बुडते. दिवाळी जवळपासच असते, २०२४ ला तर ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती, तेव्हा डब्यात चकली असली तर ते पण आयतंच जाळं. प्यायला कोकम सरबत, पण बाटलीतलं साखरेचं सिरप नको, आमसुलं कोमट पाण्यात तासभर भिजवून कुस्करा, जिरेपूड, मीठ, थोडासा गूळ. ग्लासला नाव "व्हॅम्पायरचं रक्त" द्या, एरवी कोकमाकडं न बघणारी पोरं दुसऱ्यांदा मागतात.

गोड एकच ठेवायचं म्हटलं ना, तर बेळगावात राहून कुंदा सोडायचा कसा! बारक्या कपात घट्ट दही, वर चमचाभर कुंदा हातानं मोकळा करून पसरायचा, ही कबरीवरची माती, आणि त्यात जवारी केळ्याचा अर्धा तुकडा उभा खोचायचा, टोक वर, मनुकेचे दोन डोळे. चमचाभरच हां, कुंद्यात खवा आणि साखर दोन्ही भरपूर. डोळ्याला लवंग किंवा मिरी लावलेले फोटो फिरतात, ते नको, चावलं की पोरगं रडतंय.

चार वर्षांच्या आतली पोरं असतील तर अख्खे दाणे, अख्खा बदाम, भोपळ्याच्या बिया, पॉपकॉर्न काही नको, घशात अडकतंय, द्राक्षं दिली तर उभी चिरून चार फोडी करून द्या. त्यांच्या नाचणीच्या बोटाला नख म्हणून वाफवलेल्या गाजराचा पातळ काप, बोटं भाजून झाल्यावर लावा. आणि दुसऱ्याची पोरं घरी येणार असतील तर ॲलर्जी विचारून घ्या. आपल्याकडं चटणीत शेंगदाणे, लाडवात शेंगदाणे, उसळीत पण दाण्याचं कूट, आपल्याला ते जाणवत सुद्धा नाही. अमेरिकेत २०१४ पासून काही घरं दारात निळसर हिरवा रंगवलेला भोपळा ठेवतात, म्हणजे इथं खाऊशिवाय दुसरं पण काहीतरी मिळतंय अशी खूण, पेन्सिल, स्टिकर, फुगा असलं. ते आपण पण करू शकतो, रंगाची पण गरज नाही, ग्रुपवर एक मेसेज टाकला तरी बास.

बाजार ३० तारखेलाच उरका. ३१ ला संध्याकाळी पळापळ नको आणि दुसऱ्या दिवशी एक नोव्हेंबर, त्या दिवशी आपल्या बेळगावात एकीकडं कन्नड राज्योत्सव आणि दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिन, म्हणजे मिरवणुका, बंद रस्ते, निम्मी दुकानं शटर ओढून. ३० ला रात्री नाचणीची बोटं भाजून डब्यात भरा, हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतात, बिया पण तेव्हाच. ३१ ला सकाळी बिटाचं डिप वाटून फ्रिजमध्ये, आमसुलं भिजत, रताळी वाफवून ठेवायची. दुपारी पोरं शाळेतनं आली की गुंडाळायचं काम त्यांच्याकडं. थालीपीठाचं पीठ आधी मळून ठेवू नका, पाणी सुटतच राहतंय, पहिली बेल वाजायच्या अर्धा तास आधी तवा ठेवा. केळी सगळ्यात शेवटी सोला आणि लिंबू फिरवा, नाहीतर पोरं यायच्या आत पांढरी भुतं काळी पडतात.