मराठी साइटवर जाहिरातीचे पैसे देणारा वाचक कुठून येतो?

आपल्याकडे साइट सुरू झाली की पहिली लिंक घरच्या नि मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते. दोन दिवस आकडा उसळतो, मग ओसरतो. हा वाचक ओळखीखातर येतो, पंधरा सेकंद थांबतो आणि जातो. त्यातल्या कुणी ‘मदत’ म्हणून जाहिरातींवर टिचक्या मारल्या तर गूगल ते क्लिक अवैध धरतं, पैसे कापतं, प्रसंगी खातंही बंद करतं. त्यामुळे ‘जाहिरातीवर क्लिक करा’ असं कुणालाही सांगू नका आणि स्वतःही करू नका.

गूगल अ‍ॅडसेन्स, म्हणजे साइटवर जाहिराती दाखवून मालकाला पैसे देणारी गूगलची सेवा, 2018 पासून मराठी मजकुरावर चालतं. 2024 पासून पैसे क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर मोजले जातात. म्हणून ‘आता नुसते व्ह्यू वाढवा’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धवट आहे. जाहिरातीची जागा लिलावात विकली जाते आणि बोली ठरते ती समोरचा माणूस काही विकत घेण्याच्या बेतात आहे की नाही यावर. सुप्रभात संदेशांच्या पानावर हजारो लोक येतात, पण खरेदीला कुणीच आलेला नसतो. ‘ऊस ठिबक एकरी खर्च’ शोधणारा शेतकरी मात्र पंधरवड्यात संच घेणार असतो.

त्याला थांबवायचं तर लेखात हिशेब हवा. पाच फुटी सरीला एकरी 43,560 भागिले 5, म्हणजे 8,712 फूट, साधारण 2,650 मीटर लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणारी ठिबकची नळी, लागते. सरी चार फुटी केली की तीच 3,300 मीटरच्या पुढे जाते. मग फिल्टर, मेनलाइन, सबमेन, अनुदानाची कागदपत्रं. ‘ठिबकचे दहा फायदे’ हा लेख शेकडो साइटींवर आहे, तो पुन्हा लिहू नका.

विषय मनाने ठरवण्यापेक्षा सर्च कन्सोल, म्हणजे तुमची साइट गूगल शोधात कशी दिसते ते सांगणारं गूगलचं साधन, उघडा. परफॉर्मन्समध्ये गेल्या तीन महिन्यांच्या क्वेरी (लोकांनी शोधलेले शब्द) घ्या, इम्प्रेशननुसार (साइट शोधात किती वेळा दिसली) लावा आणि सरासरी स्थान 8 ते 20 मध्ये असलेल्या वेगळ्या काढा. गूगल तुम्हाला दाखवतंय, पण लोक तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, अशा या ओळी. समजा ‘ठिबक लॅटरल किती लागते’ याला 4,000 इम्प्रेशन आणि 20 क्लिक आहेत. नवा लेख नको. जुन्याच लेखात तो प्रश्न उपशीर्षक करा, पहिल्या दोन ओळींत उत्तर द्या, शीर्षकात ‘एकरी’ शब्द आणा. फरक दिसायला काही आठवडे जातात, तोवर रोज शीर्षक बदलत बसू नका. याच यादीत रोमन लिपीत टाइप केलेलं मराठीही दिसेल. लेख देवनागरीतच ठेवा, पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत आणि आखूड द्या. देवनागरी पत्ता पुढे पाठवताना टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक ती लिंक संशयाने टाळतात.

शेतीविषयक लेख हंगामाच्या दोन-तीन महिने आधी चढवावा. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीचा लेख ऑक्टोबरात टाकला तर गूगलला तो उमगेपर्यंत बागा फुटलेल्या असतात. जाहिरातींचे दरही दिवाळीच्या सुमारास चढतात आणि जानेवारीत पडतात. तेव्हा घाबरून साइटची मांडणी बदलू नये.

पानावर जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवा. नाहीतर ती उशिरा उगवते, मजकूर खाली ढकलते आणि वाचकाचं बोट भलतीकडे पडतं.

हिशेब आरपीएमवर करा, म्हणजे हजार पेज व्ह्यूंमागे किती रुपये. समजा तो 40 रुपये आहे आणि महिन्याला 30,000 व्ह्यू आहेत, तर हाती 1,200 रुपये. पैसे 100 डॉलर झाल्यावरच निघतात, म्हणजे सात-आठ महिने धरा. 10 डॉलर झाले की पत्ता पडताळणीचा पिन साध्या टपालाने येतो. गावाकडचा पत्ता देताना वस्ती, पोस्ट, तालुका आणि पिनकोड पूर्ण लिहा. खात्यावरचं नाव बँक पासबुकाप्रमाणेच ठेवा. पत्र आलं नाही तर पिन पुन्हा मागवता येतो, पण टपाल कार्यालयात आधी चौकशी केलेली बरी, कारण पाकीट कधी कधी तिथेच पडून राहिलेलं असतं.