उतारावर पाय टिकवा : कोकणात ३० किलोमीटर चालण्याची तयारी

गावच्या वाचनालयासाठी, डायलिसिसच्या रुग्णांसाठी किंवा शाळेच्या छपरासाठी निधी उभा करायचा म्हणून पदयात्रा ठरते. नावं नोंदवली जातात आणि बहुतेकजण सपाट डांबरी रस्त्यावर रोज तासभर चालायला लागतात. कोकणात एवढी तयारी अपुरी पडते. इथला रस्ता खाडीच्या पुलावरून सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठारावर चढतो आणि सडा संपला की घाटी उतरून पुन्हा पुळणीला, किनाऱ्याच्या वाळूला लागतो. रत्नागिरीहून साखरतरचा पूल ओलांडून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाणारा साधारण २५ किलोमीटरचा रस्ता असाच आहे. चढावर दम लागतो, पण तो पाच मिनिटं थांबलं की जातो. उतारावर भरून आलेल्या मांड्या मात्र दोन दिवस सुटत नाहीत. म्हणून खालची सगळी आखणी उतार डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

आधी वेळेचा हिशेब करा. ताशी साडेचार किलोमीटरचा वेग आणि थांबे धरले तर ३० किलोमीटरला साडेसात ते आठ तास लागतात. ज्याला आज तासभर आरामात चालता येतं, त्याने १४ आठवडे हाताशी ठेवावेत. पदयात्रा जानेवारीच्या मध्यावर असेल तर सुरुवात ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात होते. चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर पहिल्या रविवारच्या आधी डॉक्टरांना भेटून या.

बूट आणि मोजे

बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. जे मोजे घालून चालणार आहात तेच घालून बूट पायात चढवा आणि उभं राहून बघा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी मोकळी जागा हवी. ती नसेल तर उतारावर प्रत्येक पावलाला बोटं पुढे आपटतात आणि वीस किलोमीटरनंतर नखं काळीनिळी होतात. सुती मोजे नकोत. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, सुती मोजा तो धरून ठेवतो, कातडी मऊ पडते आणि फोड येतात. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे पातळ मोजे बरे. पदयात्रेच्या दिवशी नवा बूट कधीच घालू नका, निदान ८० किलोमीटर चाललेला असावा.

नाडी बांधायची एक रीत शिकून घ्या. बुटाच्या सगळ्यात वरच्या भोकात नाडी त्याच बाजूने आत घाला, म्हणजे तिथे एक छोटा फासा तयार होतो. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. मग डावं टोक उजव्या फाशातून आणि उजवं डाव्यातून काढा, टाच मागे दाबून बसवा आणि ओढून गाठ मारा. घाटी उतरण्याआधी अशी बांधलेली नाडी टाचेला मागेच धरून ठेवते. पुढे सपाटी आली की सैल करा.

आठवड्याची आखणी

मंगळवार आणि गुरुवार ४० ते ५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. बुधवारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची चढउताराची वाट. शनिवारी आराम. रविवारी लांबचा पल्ला, तो असा वाढवायचा :

पहिले चार आठवडे : ६, ७, ९ आणि चौथ्यात पुन्हा ६ किलोमीटर.
पाच ते आठ : १०, १२, १४, मग ९.
नऊ ते बारा : १६, १९, १२, २४.
तेरावा : १२. चौदाव्यात दोनदा अर्धा-अर्धा तास, आणि मग पदयात्रा.

चौथ्या, आठव्या, अकराव्या आठवड्यात आकडा मुद्दाम खाली आणला आहे. अंगात जोर असतो तेव्हाच हे आठवडे नकोसे वाटतात आणि लोक ते गाळतात. तसं करू नका. स्नायू आठवडाभरात सावरतात, पण घोट्यामागची शीर आणि पायाची हाडं सावकाश घट्ट होतात. त्यांना हाच वेळ लागतो. सरावात पूर्ण ३० किलोमीटर चालायची गरज नाही. २४ झाले असतील तर उरलेले सहा पार पडतात.

पाखाडी

चिऱ्याच्या शंभर-सव्वाशे पायऱ्यांची पाखाडी शोधा. समुद्राकाठच्या बहुतेक गावांत बंदरावरून वरच्या वाडीकडे जाणारी एखादी असतेच. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या, मग दर आठवड्याला एक वाढवत आठपर्यंत न्या, पुढे आठवरच थांबा. शेवटचे दोन आठवडे तीन पुरेत. ऑक्टोबरात पायऱ्यांच्या कडांना शेवाळ असतं, ऊन लागलेल्या मधल्या भागावरच पाय टाका.

चढणं सगळ्यांना जमतं. उतरताना मात्र मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच तुमचं वजन रोखून धरतो आणि त्यात बारीक चिरा पडतात. ठणका लगेच जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. पण एकदा उतरून दुखलेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला कमी दुखतो. बुधवार चुकवू नका तो यासाठी.

उतरताना पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. पाय लांब टाकून टाचेने ब्रेक लावला तर सगळा धक्का गुडघ्यात जातो. पायरी उंच असेल तर अंग थोडं आडवं करून उतरा. काठी असेल तर ती पावलाच्या आधी खाली टेका.

घरीही एक व्यायाम करा. ओट्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहा, दुसरी टाच तीन आकडे मोजत सावकाश खाली नेऊन जमिनीला फक्त टेकवा, पुन्हा वर या. प्रत्येक पायाला दहा वेळा, असं तीनदा, आठवड्यातून दोन दिवस.

पुळण आणि कातळ

मार्गात पुळण असेल तर सराव ओहोटीला करा. ओली घट्ट वाळू रस्त्यासारखीच असते. कोरड्या सैल वाळूत मात्र टाच रुतते आणि पोटऱ्यांवर जास्त ताण येतो. भरतीची वेळ काढायला मच्छीमारांचा हिशेब पुरतो : तिथीची पाऊणपट. तृतीयेला तीनची पाऊणपट म्हणजे सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, साडेआठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. म्हणजे रविवारी सकाळी द्वितीया ते चतुर्थी असेल तर पुळण चालायला मोकळी. हा अंदाज आहे. खाडीचं मुख पायी ओलांडायचा विचार यावर करू नका.

पुळण समुद्राकडे कललेली असते. एकाच दिशेने लांब चाललं की खालच्या बाजूच्या पायाचा गुडघा बाहेरून दुखू लागतो. जितकं गेलात तितकंच परत या, म्हणजे दोन्ही पायांना सारखा भार मिळेल.

कातळावरची खडी सुट्या मण्यांसारखी पायाखालून सरकते, तिथे वेग कमी करा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सड्यांवर फुरसं हा विषारी साप भरपूर आहे, त्याचा रंग जांभ्या दगडात मिसळून जातो. झुंजूमुंजू असताना निघालात तर विजेरी पायापुढे धरा, बंद बूट घाला आणि टेकायला गडग्यावर, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणावर हात ठेवू नका. चावा झालाच तर अवयव स्थिर ठेवून थेट सरकारी रुग्णालय गाठा. करकचून बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काहीही करू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८.

पाणी, मीठ, पेज

सकाळी नऊ ते अकरा हा कोकणातला अवघड वेळ. पहाटेचे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे पडलेले असतात, समुद्रावरचे खारे वारे अजून सुटलेले नसतात. हवा थांबते, अंगावर घाम तसाच राहतो. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. पल्ल्याचा सगळ्यात चढाचा भाग या वेळेआधी उरकेल अशी सुरुवात ठेवा. रविवारचा सराव साडेपाच-सहाला सुरू करा.

तासाला ४०० ते ६०० मिलिलिटर पाणी घोट-घोट घ्या. नुसतं पाणी ढोसू नका. घामात गेलेलं मीठ परत आलं नाही तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, आणि लोक तो उन्हाचा त्रास समजून आणखी पाणी पितात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी, म्हणून शहाळ्यासोबत काहीतरी खारट खा. मीठ-जिरं घातलेलं कोकम सरबत उत्तम. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

निघण्याआधी दीड-दोन तास उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि थोडं लोणचं. दोन तासांनंतर दर तासाला काहीतरी गोड : दोन वेलची केळी, चार खजूर किंवा चिक्कीचा मोठा तुकडा. रविवारी जे पोटाला मानवलं तेच पदयात्रेत खा. तळलेले वडे, फरसाण शेवटासाठी राखा.

दुखतंय म्हणून चालण्याआधी किंवा चालताना वेदनाशामक गोळी घेऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

फोड

फोड येण्याआधी त्या जागी गरम टोचल्यासारखं होतं. तेव्हाच थांबा. ‘पुढच्या टपरीवर बघू’ म्हणाल तर ती टपरी येईपर्यंत पाणी धरलेलं असतं. बूट काढा, वाळू झटका, पाय पुसून कोरडा करा, सुरकुती न पाडता कापडी चिकटपट्टी लावा. जिथे हमखास फोड येतो तिथे पट्टी सकाळीच लावून निघा. मांड्या काचतात तिथे व्हॅसलीन किंवा खोबरेल.

छोटा फोड तसाच राहू द्या. मोठा आणि ठणकणारा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी उपटू नका, मलम लावून झाका. मधुमेह असेल तर स्वतः टोचू नका. फोड फुटलेला असताना शेतातल्या चिखलपाण्यात उतरणं टाळा, लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू अशाच फटीतून शिरतो.

मध्येच मन खचतं तेव्हा

सहाव्या ते आठव्या आठवड्यात बहुतेकांचा उत्साह ओसरतो. सुरुवातीचं नवल संपलेलं असतं, शेवट अजून लांब असतो. त्यात घरची धावपळ, पाहुणे, पाय सतत जड. हा टप्पा येतोच, त्याने तुमची कुवत ठरत नाही. बूट घालून फक्त दहा मिनिटं चाला, त्यानंतरही नको वाटलं तर परत या. बहुतेकदा परतावं लागत नाही.

एक आठवडा बुडाला तर झालेला शेवटचा रविवार पुन्हा करा. तीन बुडाले तर दोन टप्पे मागे जा. बुडालेले किलोमीटर पुढच्या रविवारी जोडून भरून काढू नका, नडगी तिथेच दुखावते. तापात चालायचं नाही, ताप गेल्यावरही दोन-तीन दिवस थांबा. मांड्या-पोटऱ्या सगळीकडून दुखत असतील तर हलकं चालणं चालेल. पण नडगीवर किंवा पावलावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा हाडात दुखत असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा, ती हाडाची बारीक चीर असू शकते.

निधी

पैसे मागायला सरावाच्या पहिल्या महिन्यातच लागा, शेवटच्या आठवड्यात पाय आणि झोप सांभाळायची असते. ज्या संस्थेसाठी चालताय ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, ते बघा. पैसे थेट तिच्या खात्यात जाऊ द्या, स्वतःच्या खात्यात घेऊ नका. देणाऱ्याला आयकरात सवलत हवी असेल तर संस्थेकडे तशी मान्यता हवी आणि पावती हवी. रोख दोन हजारांच्या वर दिलेल्या देणगीवर ती सवलत मिळत नाही, आणि वैयक्तिक करदात्याने जुनी करपद्धत निवडलेली असावी लागते.

तो दिवस आणि नंतर

नखं तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. पिशवी तीन किलोच्या आत : दीड-दोन लिटर पाणी, जादा मोजे, चिकटपट्टी, ओआरएस, टोपी. पहिले पाच किलोमीटर सगळे वेगात निघतात. तुम्ही रविवारच्या वेगापेक्षा किंचित हळूच चला. मध्यावर मोजे बदला. सोबतचा कुणी बरळू लागला, अडखळू लागला आणि अंग तापलेलं लागलं तर त्याला चालवू नका. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ला फोन करा.

पोचल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं सावकाश फिरा. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं सपाटीवर चाला. तिसऱ्या दिवसापर्यंत पायऱ्या उतरताना कठड्याला धरा, मांड्या तेव्हाच सगळ्यात कमी साथ देतात. खाऱ्या वाळूने भरलेले बूट गोड्या पाण्याने धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. कडक उन्हात ठेवले तर तळव्याचा डिंक सुटतो.